घसरत्या काट्याची कबुली

मी खोटं घड्याळ बोलतोय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे फारशी जागा नाही.

खोटं म्हणजे काय, तर माझ्या पोटात यंत्र नाही. सेल नाही, चावी नाही, टिकटिक नाही. एक गोल फळी, वर पांढरा रंग, कडेने एक ते बारा आकडे, मधोमध स्क्रू आणि त्यावर पत्र्याचे दोन काटे. काटे हाताने फिरवायचे आणि पहिलीच्या पोरांना विचारायचं, "सांगा, किती वाजले?" एवढाच माझा धंदा.

मला एका सुताराने केलं. त्याचा मुलगा तेव्हा पहिलीत होता आणि शाळेने सांगितलं होतं, घरून काहीतरी शिकवायचं साहित्य करून आणा. सुताराने मोडक्या टेबलाची फळी कापली, बायकोने आकडे रंगवले. तिने एकचा आकडा असा झोकात काढला की माझी निम्मी छाती त्यानेच भरली. मग रंग संपत आला, तशी बाई काटकसरीला लागली. माझा बारा अगदी मुंगीएवढा आहे. जवळ येऊन बघावा लागतो.

सुताराचं पोरगं पहिली सोडून गेलं, पुढे बाप झालं, त्याचं पोरगं पहिलीत आलं आणि तेही गेलं. मी मात्र पहिलीतच. माझ्याइतका नापास प्राणी कुठल्याही शाळेत सापडायचा नाही. मला बाराच्या पुढचं येत नाही. वर्गात पोरं किती असं कोणी विचारलं तर मी म्हणतो, तीन वेळा बारा आणि वर पाच.

पोरं मला थापाड्या म्हणायची. त्याचं कारण माझा छोटा काटा. स्क्रू सैल झाला होता. तुम्ही छोटा काटा आठवर लावा, हात काढा, आणि बघत राहा. डुलकी लागलेल्या म्हाताऱ्याची मान जशी हळूच छातीवर येते, तसा तो खाली खाली येत सहावर टेकायचा. मोठा काटा गंजून बारावर घट्ट बसलेला, त्यामुळे चेहरा अगदी साळसूद. बरोब्बर सहा! पोरं खिदळायची. "थापाड्या परत झोपला!" मला मोठी मजा वाटायची. खरं सांगू? थोडं अंग आवळून धरलं असतं तर काटा टिकला असता. पण हसतं कोण मग?

तर तो आठवडा. शनिवारी तपासणीचे साहेब येणार होते, आणि सोमवारी सकाळी बाईंना कळलं की वर्षभरात शिकवायचं राहिलेलं सगळं पाच दिवसांत शिकवायचं आहे. मग काय विचारता! पहिल्या तासाला बेरीज, बाटल्यांची झाकणं मांडून. ती संपते ना संपते तोच आकार. "हा त्रिकोण, हा चौकोन, नाक पुसा आधी." मग अक्षरं, मग फळांची नावं, मग बुटाची नाडी बांधणे, कारण तेही यादीत होतं. एका पोराने दोन बेंचांना नाडीने बांधून टाकलं आणि सोडवायला शिपाईमावशींना सुरी आणावी लागली. बाई वाईट नव्हत्या. घसा बसला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि फळ्यावर लिहिता लिहिता त्या एका हाताने डबा खायच्या.

त्याच सोमवारी शाळा सुटताना एक आई दारात उभी राहिली. कपड्यांना इस्त्री करून देणारी. कडेवर बाळ, हाताला मुलगी. ही मुलगी पहिलीत दुसऱ्यांदा बसली होती. पोरांनी तिचं नाव ठेवलं होतं थांबाताई. कारण काहीही विचारलं की ती म्हणायची, "थांबा हं, बघते." आणि खरंच बघायची. झाकणं किती, असं विचारलं तर प्रत्येक झाकणावर बोट टेकवल्याशिवाय उत्तर द्यायची नाही. तोवर बाकीच्यांचं ओरडून झालेलं असायचं.

"बाई, यंदा हिला वर ढकला हो," आई म्हणाली. "हिचे बाबा म्हणतात, दोनदा बसून जे आलं नाही ते तिसऱ्यांदा काय यायचंय? यंदा राहिली तर शाळा बंद. घरी बाळ सांभाळेल. मी तरी काय बोलू? एका हाताने इस्त्री आणि एका हाताने हे कार्टं, किती दिवस चालणार?"

"अहो, ती हुशार आहे. फक्त वेळ लावते."

"मग सांगा ना तिला, लावू नको म्हणून!"

बाई हसल्या. "मी बघते. तुम्ही काळजी करू नका."

थांबाताई त्या वेळी माझ्याकडे बघत होती. मोठी माणसं तिच्याबद्दल बोलत होती आणि ती माझा मुंगीएवढा बारा शोधत होती.

बाईंनी खरंच बघितलं, हे मला कबूल केलं पाहिजे. साहेब प्रत्येक पोराला एकच प्रश्न विचारणार होते. जो अडला त्याच्या नावापुढे फुली, आणि फुली म्हणजे पुन्हा पहिली. म्हणून बाईंनी प्रश्न आधीच वाटून टाकले. पुढच्या रांगा अक्षरांना आणि फळांच्या नावांना, मधल्या बेरजेला, आणि अगदी मागची पाच जणांची रांग माझ्या वाट्याला. पाच पोरं, पाच वेळा, क्रम ठरलेला. तीन, नऊ, पाच, बारा, आठ. पहिला बसायचा पोपट. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर टाकणारा, म्हणून पोपट. शेवटी थांबाताई. "तू फक्त आठ म्हणायचं," बाईंनी तिला सांगितलं. "दुसरं काही नाही. आठ."

"आणि काटा आठवर नसेल तर?"

"असेल गं बाळा. मीच लावणार आहे ना?"

"पण बाई, ह्याचा काटा पडतो. स्क्रू ढिला आहे."

"शनिवारनंतर बघू." आणि बाई नाडीवाल्या बेंचाकडे धावल्या.

बुधवारी मधल्या सुट्टीत थांबाताईने मला खिळ्यावरून उतरवलं आणि मांडीवर घेतलं. इतक्या वर्षांत मला मांडीवर घेणारी ही पहिलीच. गंजलेला मोठा काटा तिने दोन्ही अंगठ्यांनी रेटून रेटून हलवला. एक पूर्ण फेरी. मग छोटा काटा एक घर पुढे. पुन्हा फेरी, पुन्हा एक घर. असं तिने बाराच्या बारा वेळा केलं. मग माझ्या कानाशी, म्हणजे दोनच्या आकड्याशी, तोंड आणून म्हणाली, "मोठा एवढा पळतो, आणि वाजतात मात्र छोट्याचेच. वेडाच आहे मोठा."

तीन वेळा बारा आणि वर पाच पोरांत घड्याळ कळलेली ती एकटी. हे मला कळलं, तिला कळलं. तिसऱ्या कोणाला कळायला वेळ नव्हता. मोठा काटा तिने शहाण्यासारखा परत बारावर नेऊन ठेवला.

गुरुवारी तर गंमतच झाली. शिपाईमावशींनी धूळ पुसायला मला काढलं आणि परत लावताना उलटं लावलं. तोंड भिंतीकडे, पाठ वर्गाकडे. माझ्या पाठीवर नुसतं लाकूड, त्यावर जुन्या टेबलाचा चहाचा डाग. बाई हजेरीपटात मान घालून आल्या, पट्टीने माझ्याकडे दाखवलं आणि म्हणाल्या, "मागची रांग! किती वाजले?"

"तीन!" पोपट.

"नऊ!"

"पाच!"

"बारा!"

चहाच्या डागाकडे बघून चारही उत्तरं बरोबर! भिंतीला तोंड लावून मी इतका हसलो की खिळा हलला.

"बाई," थांबाताई म्हणाली, "घड्याळ पाठमोरं आहे."

बाईंनी वर पाहिलं. लाल झाल्या. मग थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "असू दे. तू आठ म्हण."

"पण आठ दिसत नाहीत."

"म्हण गं बाई एकदाचं!"

"आठ," ती म्हणाली. इतकं हळू, की पोपटाने ते तिच्या वतीने मोठ्याने परत म्हटलं.

शनिवारी साहेब आले. घामट, भला माणूस, पुढे अजून दोन शाळा करायच्या होत्या. बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि हातात कागद दिला. कागदावर प्रत्येक पोर, त्याचा प्रश्न आणि पुढे उत्तर. साहेबांना तर बरंच झालं. ते कागदाकडे बघायचे, कानाने ऐकायचे आणि टिक करायचे. अक्षरं पार पडली. बेरजा पार पडल्या. एका पोराने घाबरून फळाच्या नावाऐवजी स्वतःचं नाव सांगितलं, तेही साहेबांनी हसून सोडून दिलं.

मग मागची रांग उभी राहिली. बाई माझ्याजवळ आल्या. तीन लावले, त्यांनी हात काढायच्या आत पोपटाने सांगितलं. नऊ, पाच, बारा. टिक, टिक, टिक.

आठ. बाईंनी हात काढला आणि साहेबांकडे तोंड केलं. "किती वाजले?"

"थांबा हं," ती म्हणाली, "बघते."

आता माझं ऐका. त्या क्षणी मला अंग आवळून धरता आलं असतं. दोन श्वासांचं काम होतं. पण समोर नवा माणूस, स्वच्छ कपड्यातला साहेब, आणि वर्ग कसा चिडीचूप. माझ्या मनात आलं, ह्यालाही हसवू. जन्माची खोड. मी सोडून दिलं. काटा सातवरून घरंगळला आणि सहावर टेकला.

तिने तो खाली येताना पाहिला. पुरता थांबेपर्यंत पाहिला. मग म्हणाली, "सहा."

"आठ!" पोपट ओरडला, आणि सगळा वर्ग त्याच्या मागून, "आठ! आठ!"

"मघाशी आठ होते," थांबाताई म्हणाली. "आता सहा आहेत."

साहेबांनी कागदावरून मान वर केली नाही. "एवढ्यात दोन तास मागे गेले होय? अरे वा, मग मी परत घरी जाऊन झोपतो." वर्ग खदखदून हसला. मला हवं होतं तसंच.

बाई वळल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. छोटा काटा सहावर, मोठा बारावर, आंधळ्याला हात लावून कळलं असतं. त्यांचं तोंड उघडलं. मग त्यांनी पोपटाकडे पाहिलं, मग साहेबांच्या हातातल्या कागदाकडे. मुलीचं खरं आहे म्हटलं असतं तर साहेब उठून जवळ आले असते, काटा स्वतःच्या हाताने कुठेतरी लावला असता आणि म्हणाले असते, चला, परत सांगा बघू. पोपटाने तेव्हाही तीनच सांगितले असते.

बाईंचं तोंड मिटलं. साहेबांनी फुली मारली.

"एक सोडून सगळे! छान तयारी आहे हो बाई," साहेब म्हणाले. तसंच त्यांनी शेऱ्यात लिहिलं. तो शेरा पुढे चौकटीत बसवून मोठ्या सरांच्या खोलीत लावला.

पुढच्या सोमवारी आई दप्तर न्यायला आली. भांडली नाही. नुसती म्हणाली, "बाई, तुम्ही बघते म्हणाला होतात." बाईंनी काहीतरी शोधल्यासारखं टेबलावर हात फिरवला, मग भिंतीवरून मला काढलं आणि तिच्या हातात दिलं. "हे घेऊन जा. तिला आवडतं. घरी शिकेल."

शिक्षा म्हणून दिलं की भरपाई म्हणून, मला अजून कळलेलं नाही. बाईंनाही कळलं नसावं.

आता मी पाण्याच्या पिंपाचं झाकण आहे. तिच्या बाबांनी पहिल्याच दिवशी काटे काढून फेकले, कारण झाकण उचलताना ते बोटाला लागायचे. आकडे खालच्या बाजूला आहेत. दमटपणाने चार, पाच आणि नऊ गेले. एकटा एक अजून ऐटीत आहे. दिवसातून बारा वेळा आणि वर कितीतरी वेळा थांबाताई मला उचलते, तांब्याभर पाणी काढते आणि ठेवते. कडेवर बाळ असतं. पलीकडे इस्त्रीची वाफ निघत असते. सुरुवातीला मला वाटायचं, एखाद्या दिवशी उलटं करून मांडीवर घेईल. मी काही लबाडी करणार नाही, असं ठरवूनसुद्धा ठेवलं होतं. आता करायला काटाच नाही म्हणा.

बाई, कधी इकडून इस्त्रीचे कपडे न्यायला आलात, तर माझं एक काम करा. काल काय झालं ते सांगतो, म्हणजे काम कळेल. तिचे बाबा दारातून ओरडले, "बाळ झोपलं का गं?"

"झोपलं," ती लगेच म्हणाली. मान वळवली नाही, थांबली नाही, काही नाही.

बाळ तिच्या पाठीमागे जमिनीवर टक्क जागं होतं. साबणाची वडी चोखत होतं.

"शाबास," बाबा म्हणाले आणि निघून गेले.

तिला तुम्ही एवढं शिकवलंत. आता हे विसरायला कसं लावायचं, तेवढं येऊन सांगा. मी सांगितलं असतं, पण मी पडलो पहिली नापास.