कुंकू लावलेली सीडी

भोरच्या एसटी स्टँडजवळ माझं गेमचं दुकान होतं. २००४ सालची गोष्ट. आधीच्या प्लेस्टेशनवर नुसते गेम चालायचे, म्हणून अब्बांनी ते कधी दारात येऊ दिलं नाही. नवं मशीन डीव्हीडीवरचा सिनेमाही दाखवतं म्हटल्यावर म्हातारा विरघळला. मग मीही पाटीवर ठसठशीत रंगवलं, 'इथे सिनेमाही लागतो'. मिरवायची हौस मला पहिल्यापासून दांडगी.

ही बातमी पार हिर्डोशीपर्यंत गेली आणि एक दिवस तिथले रखमाजीकाका आले. कोऱ्या फडक्यातून त्यांनी एक सीडी काढली.

"हिच्यात माझी प्रेरणा हाय, लग्नातली," ते म्हणाले. "बाळंतपणात गेली पोर. जावयानं ही दिली. आमच्यात टीव्ही न्हाई, म्या अजून बघितली न्हाई. एकडाव चालती-बोलती दिसू द्या."

सीडीच्या चकचकीत बाजूवर हळदकुंकवाचा थर होता. सवाष्ण गेलेल्या लेकीच्या फोटोला लावतात, तसं काका वर्षभर रोज सीडीलाच लावत होते. मी ती पुसून मशीनमध्ये घातली. डिस्क वाचता येत नाही, असं पडद्यावर आलं. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. लग्नाच्या शूटिंगवाल्याने दिलेली ती व्हीसीडी होती. दिसायला दोन्ही सारख्याच, पण हे मशीन डीव्हीडी लावायचं, व्हीसीडी नाही.

खेळायला आलेली पोरं पाटीकडे बोट दाखवून फिदीफिदी हसली आणि माझं टाळकं सटकलं.

"कुंकू कशाला चोपडलं हिला? तुमीच खराब केली!"

काकांनी सीडी परत फडक्यात गुंडाळली आणि ते स्टँडकडे निघाले. खरं काय ते मला ठाऊक होतं, तरी मी त्यांना तसंच जाऊ दिलं. त्याची लाज मला आजही वाटते.

चार दिवस घास गोड लागला नाही. पाचव्या दिवशी मेहुण्याचा व्हीसीडी प्लेअर आणि छोटा टीव्ही टेम्पोत टाकून हिर्डोशी गाठली. काका अंगणात नाचणी वाळत घालत होते. चपला काढायच्या आतच मी सांगून टाकलं.

"काका, कुंकवानं काय बी बिगडलं न्हाई. माझं मशीनच ती लावत न्हाई. म्या खोटं बोललो. आणा ती, आत्ता लावू."

"आता कुठली, लतीफभाय?" ते म्हणाले. "पुजलेली वस्तू भंगली की घरात ठेवत न्हाईत. परवाच नदीत सोडली, नीरेत."

नाचणीवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "मंग पोर व्हती का तिच्यात?"

नव्हती म्हटलं असतं तर त्यांचं दुःख कदाचित हलकं झालं असतं. पण पुन्हा खोटं बोलायची माझी छाती झाली नाही.

"व्हती, काका."

काकांनी नाचणीतला हात काढून घेतला.

"म्हंजी धडधाकट व्हती," ते म्हणाले, "आन् म्या सोडली तिला पान्यात."