चौदा तारखेची तिकिटं

"विका म्हणावं एकदाचं सगळ्यांना! कॅचर विका, पिचर विका, मैदानावरचं गवतसुद्धा विका!" झिगीने उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं टेबलावर असं आदळलं, की डॉटच्या चष्म्यावर वाफ धरली. "पण हे ना विकणार, ना घेणार. नऊ सामने मागे पडलोय आपण, आणि ऑफिस बसलंय मांडी घालून!"

सेंट सिरिल चर्चच्या तळघरात दर गुरुवारी सकाळी हे असंच चालायचं. शुक्रवारी चर्चच्या दारात पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या, विकायला ठेवायच्या, म्हणून आदल्या दिवशी दहा-बारा म्हातारी माणसं जमून हजार-बाराशे करून ठेवायची. झिगी पाल्को बटाटे उकडायचा, डॉट पाऱ्या लाटायची आणि बर्नाडीन कोसिक सारण भरून कडांना मुरड घालायची. हात पिरोगीवर आणि तोंड बेसबॉलवर. पोर्ट अ‍ॅल्डनच्या संघाचं नाव टग्ज. तो बत्तीस वर्षांत काही जिंकला नव्हता, आणि तो का जिंकत नाही हे ही मंडळी बत्तीस वर्षं एकमेकांना ओरडून सांगत होती.

"कॅचर विकून काय करशील?" बर्नाडीन म्हणाली. "तू बसणार आहेस का तिथे फलंदाजामागे उकिडवा, चेंडू झेलायला? तुझे गुडघे बघ आधी."

"माझे गुडघे त्या कॅचरच्या, फेररच्या गुडघ्यांपेक्षा बरे आहेत. पस्तीस वर्षांचा घोडा झालाय तो. त्याने दुसऱ्या बेसवर फेकलेला चेंडू तिथे पोचेपर्यंत पळणारा घरी जाऊन जेवून येतो!"

"अरे, अकरा वर्षं आहे तो इथे. ती विशीतली पिचर पोरं त्याच्या तोंडाकडे बघून चेंडू टाकतात. तो गेला की रडायला लागतील."

"म्हणूनच आत्ता विकायचा ना, बाई! पुढच्या वर्षी त्याला फुकट तरी कोण नेणार? एकतीस तारखेला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. आठ दिवस राहिले, आठ! गेल्या वर्षी तो डनलीव्ही देऊन तीन पोरं आणली. कुठायत ती? एकाच्या कोपराचं ऑपरेशन झालं, एकाने खेळ सोडून घरं विकायचा धंदा सुरू केला आणि तिसऱ्याला अजून मिशी फुटतेय. पण हे सगळं तुझ्या लेकीच्या ऑफिसला सांगायचं कुणी?"

झालं. गाडी शेवटी इथे येऊन थांबणार हे बर्नाडीनला ठाऊक होतं. दर गुरुवारी थांबायची. तिची एकुलती एक मुलगी टेरीस टग्जच्या ऑफिसात होती. कुठला खेळाडू घ्यावा, कुठला सोडावा, याची आकडेमोड करणारी जी पाच-सहा डोकी तिथे बसत, त्यांतलं एक तिचं. सगळ्यांत चांगल्या फलंदाजाला एप्रिलमध्ये बारा दिवस खालच्या संघात डांबलं, का तर त्याचं वर्ष पुरं भरू नये आणि तो आणखी एक हंगाम आपल्याच दावणीला राहावा, हा उद्योग त्याच ऑफिसचा. बर्नाडीनलाही तो आवडला नव्हता. घरी तिने त्यावर भांडी आपटली होती. पण घरच्या भांड्यांची गोष्ट वेगळी. झिगीने बोललेलं तिला खपायचं नाही.

"माझ्या मुलीला मध्ये आणू नकोस."

"आणणार! सात वर्षांची होती तेव्हापासून बघतोय तिला. तुझ्या मांडीवर बसून धावफलक भरायची आणि 'आई, याला तिसऱ्या नंबरवर का पाठवतात, पहिला का नाही?' म्हणून तुला भंडावून सोडायची. हुशार पोर! तिथे जाऊन तिचं काय झालं? काय चाललंय आत, काही सांगते का तुला?"

"नाही सांगत. नियमच आहे तसा."

"नियम!" झिगी डॉटकडे बघून हसला. "अगं, तिला कुणी काही सांगतच नसणार. साहेबांची कॉफी आणत असेल पोर, दुसरं काय?"

बर्नाडीनने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. साठ पोरं मागे धिंगाणा घालत असताना तिने कधी मान वळवली नव्हती. पण हे कॉफीचं तिला झोंबलं. एकटीच्या पगारात मुलीला गणितात पदवी मिळेपर्यंत शिकवलं, ते काय कुणाच्या कॉफीसाठी? पारीला मुरड घालण्यात तिचा हात धरणारं त्या तळघरात कुणी नव्हतं. जिभेला मुरड घालणं मात्र त्या क्षणी तिला जमलं नाही.

"कॉफी आणते का? मग ऐक! चौदा ऑगस्टची तिकिटं काढू नकोस म्हणाली मला. शेवटच्या आठवड्यात जा म्हणाली. समजलं?"

डॉटचं लाटणं थांबलं. भिंतीवर टग्जचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं, पण तिकडे बघायची कुणाला गरज नव्हती. चौदा ऑगस्टला मैदानात येणाऱ्या पहिल्या दहा हजार माणसांना ओस्वाल्डो फेररची मान डोलावणारी बाहुली फुकट मिळणार होती. बर्नाडीनच्या कपाटावर अशा एकोणीस बाहुल्या होत्या, आणि विसावी फेररची असणार हे टेरीसला चांगलं माहीत होतं. आईने बाहुलीसाठी उन्हात दोन तास रांगेत उभं राहावं आणि बाहुलीचा धनीच मैदानात नसावा, हे तिला बघवलं नसतं. म्हणून रविवारी भांडी पुसता पुसता ती एवढं एकच वाक्य बोलून गेली होती.

"म्हणजे फेरर..." डॉट पुटपुटली.

"मी फेररचं नाव घेतलं नाही," बर्नाडीन घाईने म्हणाली.

"नाही, नाही. तू कुठे घेतलंस?" झिगी म्हणाला आणि एकाएकी बटाटे फार मन लावून कुस्करू लागला. झिगी गप्प झाला तेव्हाच तिने ओळखायला हवं होतं.

दुपारी अडीचला ती स्वयंपाकघरात रेडिओ लावून कांदा चिरत होती. हॉवीच्या कार्यक्रमात लोक फोन करून टग्जला शिव्या घालत, तो तिचा रोजचा विरंगुळा. आणि तिथे झिगीचा आवाज आला. "नाव नाही सांगणार, हॉवी. पण पक्कं सांगतो, अगदी आतल्या माणसाच्या घरातून आलंय. फेरर गेला म्हणून समज. चौदा तारखेची तिकिटं काढू नका!"

बर्नाडीनने सुरी खाली ठेवली. नंतर झिगीला फोन लावला, तर तो उचलेना.

रात्रीचा सामना संपायच्या आत सगळ्या गावाला कळलं होतं. सामन्यानंतर बातमीदारांनी फेररला गाठलं. तो पायांवरचे बर्फाचे पट्टे सोडत बसला होता. तो चिडला नाही. म्हणाला, "अकरा वर्षं मी इथे गुडघे झिजवले. मला हे रेडिओवरून कळावं?" शनिवारी त्याने क्लबला लेखी कळवलं: आपण कुठेही जाणार नाही. तो अधिकार त्याला होता. दहा वर्षं वरच्या पातळीवर खेळलेल्या आणि त्यांतली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला त्याच्या मर्जीशिवाय कुणी हलवू शकत नाही.

रविवारी टेरीस नेहमीसारखी जेवायला आली. कोंबडी तशीच पडून राहिली. तिने पिशवीही खांद्यावरून काढली नव्हती.

"आई, कुणाजवळ बोललीस?"

"झिगीजवळ. अगं, तो तुला काय वाटेल ते बोलत होता."

"काय बोलत होता?"

"म्हणाला, तू तिथे कॉफी आणतेस."

टेरीस हसली की काय झालं तिला, कळेना. ती खुर्चीत बसली. "मी आणतेच कॉफी, आई. सगळेच आणतात. एवढ्यासाठी?"

"पण फेरर जाणार असं मी म्हटलंच नव्हतं. मी फक्त तारीख—"

"तारीख पुरते, आई! या गावाला तारीख पुरते, हे तुला कळायला नको? तू तर सगळं वेळापत्रक पाठ करणारी." तिचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "तो हो म्हणणार होता. फ्लोरिडातला संघ होता, त्याची मुलं तिथे शाळेत आहेत. उद्या साहेब स्वतः त्याच्या घरी जाऊन विचारणार होते, नीट, मानाने. आता तो दुखावलाय. आता त्याला कुणी समजावू शकणार नाही."

बर्नाडीनने कोंबडीचं ताट बाजूला सरकवलं.

"त्याच्या बदल्यात दोन पोरं येणार होती. त्यांतला एक डावखुरा, नेब्रास्कातला, एकोणीस वर्षांचा. मी शोधला होता त्याला. चौदा महिने मी त्याचे आकडे घेऊन प्रत्येक बैठकीत बोंबलत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. या वेळी पहिल्यांदा ऐकलं."

"मग आता गं?"

"हे सहा जणांनाच माहीत होतं. उद्या सकाळी सगळ्यांना बोलावलंय. एकेकाला विचारतील."

"तू सांगू नकोस. कसं कळणार त्यांना? झिगीने नाव घेतलं नाही."

टेरीसने आईकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बर्नाडीनला सोसला असता. तिला त्यात फक्त थकवा दिसला. "तू मला असं शिकवलंस का?" एवढंच म्हणून ती निघून गेली.

त्या रात्री बर्नाडीनने एक गोष्ट ठरवली आणि सकाळी दहाला अमलात आणली. हॉवीचा सकाळचाही एक तास असायचा. वीस मिनिटं तिला फोनवर ताटकळत ठेवल्यावर तिचा नंबर लागला.

"मी बर्नाडीन कोसिक. खरं नाव सांगतेय. फेररची गोष्ट माझ्याकडून निघाली आणि ती मी मनाने रचली. माझी मुलगी ऑफिसात आहे, पण ती मला एक अक्षर सांगत नाही. चारचौघांत मोठेपणा मिरवायचा म्हणून मी थाप मारली."

"थाप?" हॉवीच्या आवाजाला धार आली. "बाई, एका थापेपायी कॅचर दुखावला, आता कुणी मागितला तरी तो जाणार नाही, संघाचं वाटोळं झालं! तुम्हाला लाज कशी वाटत नाही?"

"वाटते," बर्नाडीन म्हणाली. "म्हणून तर फोन केला."

पुढचा अर्धा तास गावाने तिला सोलून काढलं. एकजण म्हणाला, अशा बाईच्या बसमध्ये माझी पोरं बसवणार नाही. तिने रेडिओ बंद केला नाही. सगळं ऐकलं. मुलीच्या वाट्याचं आपल्या अंगावर येतंय, एवढ्यावर तिचा जीव थोडा थंडावला होता.

अकराला टेरीसचा फोन आला. ती मैदानाच्या वाहनतळावर गाडीत बसून होती.

"आई, मी नऊलाच सगळं खरं सांगितलं होतं."

"म्हणजे?"

"मला काढलं. ओरडले वगैरे नाहीत. माझ्या टेबलावरचं सामान खोक्यात भरून दिलं आणि दारापर्यंत सोडायला आले. खोकं गाडीत ठेवलं आणि रेडिओ लावला, तर तू." मग म्हणाली, "एकदा तरी गप्प का बसत नाहीस गं तू?"

आयुष्यात पहिल्यांदाच बर्नाडीनला बोलायला काही सुचलं नाही, आणि हे चार दिवस आधी झालं असतं तर किती बरं झालं असतं, हाच विचार तिच्या डोक्यात घोळत राहिला.

गुरुवारी ती तळघरात जाणार नव्हती. पण साडेआठला टेरीस दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चल, हजार पिरोगी कोण करणार? मलाही काही काम नाहीये." रस्त्यात दोघी हवामानाबद्दल बोलल्या.

दोघी आत शिरताच सगळ्यांची बोलणी थांबली. डॉटने उठून टेरीसला एप्रन दिला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. झिगी बटाट्यांवर वाकला होता. त्याने मान वर केली, खाली घातली, पुन्हा वर केली.

"पोरी, मला वाटलं नव्हतं हे असं होईल. मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं."

"माहीत आहे, झिगीकाका."

"तुला काढायला नको होतं त्यांनी. गाढवं आहेत."

टेरीसने एक पारी हातावर घेतली, सारण ठेवलं आणि कडा दाबत गेली. तिच्या मुरडी आईच्या मुरडीइतक्या बारीक नव्हत्या.

अर्धा तास कुणी बेसबॉलचं नाव काढलं नाही. तळघरात असं कधी घडलं नव्हतं. मग झिगीला राहवलं नाही. त्याला किती वेळ राहवणार? उद्या मुदत संपत होती.

"बरं, फेरर राहिला. पण उद्या कुणाला तरी देतीलच ना? तो तिसऱ्या बेसवरचा? की तो लांबडा पिचर?" तो टेबलापाशी सरकला आणि आवाज खाली आणला. "तुला ठाऊक असणार. आता तर तू तिथली नाहीस. आता सांगायला काय हरकत?"

टेबलाभोवतीचे सगळे हात थांबले. चांगली माणसं होती ती, पण कान सगळ्यांचे टवकारलेले. बर्नाडीनने मुलीकडे पाहिलं. त्या ऑफिसने तिला खोकं देऊन बाहेर काढलं होतं. आता ती त्यांचं काय देणं लागत होती? एका नावाने ती या टेबलावरची राणी झाली असती, कॉफीचा हिशोब कायमचा चुकता झाला असता. टेरीसच्या जागी बर्नाडीन असती, तर नाव केव्हाच सांगून बसली असती.

"ठाऊक आहे," टेरीस म्हणाली. "पण सांगता येणार नाही, काका."

"अगं, पण आता कोण विचारणार तुला?"

"कुणी नाही."

तिने पिरोगी ताटात ठेवली आणि दुसरी पारी उचलली. झिगी थोडा वेळ वाट बघत उभा राहिला, मग पातेल्याकडे वळला. बर्नाडीनला ओरडून सांगावंसं वाटलं, झिगीला, डॉटला, हॉवीला, सगळ्या गावाला, की बघा, ही माझी मुलगी आहे. शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते.

ती काही बोलली नाही. सारणाचं भांडं तिने मुलीच्या हाताशी सरकवलं.