न मोजलेला हात

मित्रांनो, सालेकशाकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात, कपाटाच्या खालच्या फळीवर धूळ खात पडलेलं रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र म्हणजे मी. काचेची नळी, नळीत पारा आणि दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा, एवढाच माझा संसार.

नर्स निर्मलाबाईंचा एक नियम होता. पाळणा लांबवायची गोळी हवी, तर आधी दंड पुढे करायचा. बायका कुरकुरत. बाई म्हणत, "गोळी चांगली हाय, पण सगळ्यायले नाही चालत. दाब जास्त असला, तर डोक्यातली नस बंद होऊ शकते." हे ऐकलं की मी फुशारून जाई. खोटं कशाला बोलू, मला फार गर्व होता.

२००६ च्या मे महिन्यात बिडीच्या तेंदूपानांचा हंगाम जोरात होता. बायका पहाटे जंगलात जात आणि दिवसभर पानांचे पुडे बांधत. त्या दिवसांत घरातली एकच बाई येई आणि सगळ्यांची औषधं घेऊन जाई. अशीच एकदा रचना आली. तिचा दाब मी मोजला, ठीक निघाला. पाकीट घेताना ती म्हणाली, "बाई, माया जावेचंबी देऊन द्या ना. अल्का पुडे बांधून राहिली. उन्हानं तिचं डोकंबी दुखून राहिलं."

बाहेर लसीकरणाची रांग लागली होती. बाईंनी तिकडे पाहिलं आणि दुसरं पाकीट देऊन टाकलं. मी टेबलावर उघडाच होतो. पण मला तोंड कुठे आहे?

तीन आठवड्यांनी पुडा बांधताना अल्काचा उजवा हात लुळा पडला, जीभ अडखळली. अर्ध्या तासात सगळं पूर्ववत झालं. घरच्यांना वाटलं, ऊन लागलं. त्यांनी कांद्याचा रस चोळला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कामाला बसली आणि गोळीही घेतली. चौथ्या दिवशी हात पडला तो उठलाच नाही. तेव्हा कुठे तिचा दुसरा दंड माझ्या पट्ट्यात आला. पारा एकशेऐंशीच्या वर गेला.

"तवाच काऊन नाही बलावलं वो बाई तिले?" रचना रडत होती.

"चुकलं माझं," एवढंच निर्मलाबाई बोलल्या.

गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं, दाब आधीपासूनच होता, त्यात ही गोळी भारी पडली. हात पहिल्यांदा लुळा पडला, त्याच दिवशी आणायला हवं होतं.

अल्का वाचली. चालते, बोलते, पण तिची उजवी बोटं आता पुडा बांधत नाहीत. त्याची खंत मला अजून आहे.

पुढे बॅटरीचं यंत्र आलं आणि मी कपाटात गेलो. मला बाहेर काढा, असं माझं मागणं नाही. पण मित्रांनो, एकीला तपासून दिलेली गोळी दुसरीला देऊ नका. आणि कुणाचा हात किंवा जीभ घडीभर जरी अडली, तरी बरं वाटलं म्हणून घरी बसू नका.

अल्का अजून दर महिन्याला दाब तपासायला येते. गल्लीतली एखादी नवी सून सोबत असते. तिला स्टुलावर बसवून अल्का डाव्या हाताने तिची बाही वर सारते आणि म्हणते, "गोळी मंग घेजो. आधी हात दे. माया हात कोणी पाह्यला नव्हता."