कडूबाईच्या घरचं दळण

झरीत आमची ख्रिस्ती घरं नऊ, सगळी एकाच बोळात. पहाटे कुणाचं जातं वाजतंय हे मला अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं. त्या आठवड्यात कडूबाईचं जातं वाजेनासं झालं. म्हणजे बाई एकतर उपाशी होती नाहीतर पडून होती. हे सगळ्या बोळाला समजत होतं, तरी कुणी उठलं नाही. उपदेशकांचा हुकूम होता ना!

दिनकरराव आमचे उपदेशक, आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. मिशनने जालन्याकडून पाठवलेले, स्वच्छ धोतर, गोड आवाज. गोरे पाद्रीसाहेब वर्षातून दोनदा यायचे. एरवी देवाचा सगळा कारभार दिनकररावांच्या हाती.

कडूबाईचा गुन्हा काय, तर तिच्या लेकराला देवी आल्या. आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली, पण पोर तापाने फणफणतच राहिलं. तेव्हा तिने पदराखाली दहीभात झाकून नेला आणि मरीआईच्या दगडापाशी ठेवला. कुणीतरी पाहिलं. पोर काही वाचलं नाही. त्याला पुरून घरी येतोय तोच दिनकररावांनी सांगितलं, बाई मूर्तीपुढे गेली, साहेब येऊन निकाल देईपर्यंत तिच्या घरात कुणी पाऊल टाकायचं नाही. मला तेव्हाच संताप आला होता. पोर मरायला टेकल्यावर जिचे पाय मरीआईकडे वळले नसते अशी एक तरी बाई आमच्या बोळात दाखवा!

कडूबाईचा नवरा आधीच गेलेला. बाप्तिस्मा घेतल्यापासून माहेरच्यांनी तिला तोडलेलं. आम्ही गेलो नाही तर तिच्या तोंडात पाणी घालायला कुणीच नव्हतं.

"मी कडूबाईकडं जायलेय," मी नवऱ्याला सांगितलं.

"आगं, मास्तरचा हुकूम हाय न्हवं?" मुंजाजी म्हणाले. "साहेब येऊ दे. ती जिम्मेदारी मास्तरची, आपली न्हाई."

"तिच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी साहेबानं इचारलं, हिला संभाळाल का? कुणाला इचारलं? एकट्या मास्तरला? आपुन समदे उभे हुतो. तुमीबी म्हणलात, संभाळू."

मी निघाले.

कडूबाई जमिनीवर पडली होती. अंग तापलेलं, ओठ फुटलेले, घागर कोरडी ठणठणीत. मला पाहून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"जा बाई," ती म्हणाली. "बाटशील."

बाटशील! गावाने आम्हाला जन्मभर ऐकवलेला शब्द, आणि आता आमचीच बाई मला तो म्हणत होती. माझं डोकंच फिरलं. मी तिला पाणी पाजलं, घरी आले आणि देवाच्या मुठीचं गाडगं उचललं. दळायला बसण्याआधी आमच्यातली प्रत्येक बाई मूठभर जोंधळे वेगळे काढते, तीच ही देवाची मूठ. रविवारी ती आमच्या मिशनच्या देवळात जाते आणि तिथून उपदेशकांच्या घरी. मी ते जोंधळे कडूबाईच्या जात्यात ओतले आणि दळायला बसले.

चोरून दळता येत नाही. सगळ्या बोळाने ऐकलं. दुसऱ्या पहाटे शेजारची दगडाबाई आपलं गाडगं घेऊन आली, मग आणखी दोघी आल्या. एकीने पेज शिजवली, एकीने कडूबाईचं डोकं मांडीवर घेतलं.

दिनकरराव दारापर्यंत आले. आत नाही आले.

"बाई, ती देवाची मूठ आहे," ते म्हणाले.

"मग देवाच्याच लेकीला घालायलेय की."

रविवारी ते देवळाच्या दारात उभे राहिले. पुरुष आत जाऊन बसले होते. "जे त्या घरात गेले," ते शांतपणे म्हणाले, "त्यांनी साहेब येईपर्यंत बाहेर ओट्यावर बसावं."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मला काही राहवलं नाही.

"मास्तर, बाहेर उभं राहायची सवय आमाला लय जुनी हाय. आमच्या आज्या-पणज्या गावच्या देवळाबाहेरच मेल्या. हा देव आत बसवतो म्हणलात, म्हणून आलो. आता ह्योबी बाहेर बसवणार आसल तर त्यालाच सांगू द्या. तुमी सांगू नका."

आतून मुंजाजी उठले. कुणाशी न बोलता दिनकररावांना वळसा घालून बाहेर पडले, पाठोपाठ आणखी एकजण. मला वाटलं, माझ्या तोंडाळपणाला कंटाळून घरी निघाले. थोड्या वेळाने दोघे कडूबाईला बाजेवर घालून घेऊन आले. ती नको नको म्हणत होती.

"सरका, मास्तर," मुंजाजी म्हणाले.

"मी साहेबांना काय सांगू?" दिनकररावांचा आवाज पहिल्यांदाच कापला. मला त्यांची थोडी कीवही आली. त्यांची नोकरी होती, घरात पोरंबाळं होती.

"समद्यांनी मिळून केलं म्हणून सांगा," मुंजाजी म्हणाले. "निकाल द्यायचा तर समद्यांचाच द्या म्हणावं."

दिनकरराव सरकले. बाज सर्वांत पुढे, मेजाजवळ ठेवली. त्यांनी प्रार्थना सुरू केली. साहेबांसाठी केली, निजाम सरकारसाठी केली, पिकापाण्यासाठी केली, आजाऱ्यांसाठीही केली. कडूबाईचं नाव काही घेतलं नाही.

"आन् कडूबाईसाठी," मुंजाजी मध्येच म्हणाले.

"कडूबाईसाठी," दगडाबाई म्हणाली. मग मी, मग बायका, पुरुष, सगळे. रस्त्याने जाणारी माणसं थांबून आत पाहू लागली. आम्ही थांबलो नाही. दिनकरराव आमेन म्हणेपर्यंत म्हणत राहिलो.