आई फ्रेममधून उठत नाही

मी घरांचे फोटो काढते. लग्नाचे नाही, वाढदिवसाचे नाही, तान्ह्या बाळांचे तर अजिबात नाही. इमारती, बंगले, फ्लॅट, ऑफिसं. हे सांगितलं की लोक म्हणतात, "त्यात काय एवढं? घर काय पळून जातंय थोडंच?" कॅमेरा एवढासा वर वळवला की अख्खी इमारत मागे रेलते, हे त्यांना दिसत नाही. मला दिसतं, आणि मला ते खपत नाही. माझ्या फोटोत भिंती ताठ उभ्या असतात. मीही तशीच आहे असं घरचे म्हणतात, आणि ते काही कौतुकाने म्हणत नाहीत.

माझे नियम आहेत. कचऱ्याचा डबा, लोंबणारी वायर, फ्रिजवर चिकटवलेले कागद, हे सगळं मी आधी हलवते. हाताने नाही निघालं तर नंतर कॉम्प्युटरवर खोडते. भिंतीवरची ओल मात्र खोडत नाही. एका बिल्डरने खोडायला सांगितली, तेव्हा त्याच्याच केबिनमध्ये त्याला विचारलं, "ओल खोडते हो, पण राहायला येणाऱ्याचा खोकला कोण खोडणार?" ते काम गेलं. गेलं तर गेलं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे फ्रेममध्ये माणूस नको. घर घेणाऱ्याला फोटोत स्वतःला बसवून बघायचं असतं. आधीच कोणी बसलेलं दिसलं की त्याला पाहुण्यासारखं वाटतं, आणि पाहुणा घर विकत घेत नाही.

अशी मी बिल्डरांच्या नाकाला मिरच्या झोंबवणारी, पण थोरल्या भावापुढे शेपूट घालते. दादाचा सकाळीच फोन आला.

"आईच्या घराचे फोटो काढायचेत. एजंटचा नंबर पाठवतो, फोटो थेट त्यालाच पाठव. आजच."

"आई हो म्हणाली?"

"बघू म्हणाली."

"बघू म्हणजे हो नाही, दादा."

"आपल्या घरात बघू म्हणजे होच असतं. उगाच फाटे फोडू नकोस."

आईचं घर विकायचं, त्यात भर घालून दादाने मोठं घर घ्यायचं, आणि आईने त्याच्याकडे राहायचं, असा बेत होता. तोवर तिची सोय त्याच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत. ती खोली मी पाहिली आहे. तिची खिडकी दोन इमारतींमधल्या बोळात उघडते आणि समोर पाइप दिसतात. आईचा फ्लॅट कोपऱ्यावरचा आहे, हॉलला दोन बाजूंनी उजेड येतो. खिडकीखाली टेबल आहे. त्या टेबलावर रोज दुपारी आई आणि तिच्या तीन मैत्रिणी पत्ते कुटतात. दादा त्यांना चांडाळचौकडी म्हणतो. आई पत्त्यांत उघडउघड लबाडी करते आणि पकडली गेली की वय झाल्याचं सोंग आणते. बाबा गेल्यावर ती माणसांत आली ती या टेबलामुळे. घर तिच्याच नावावर आहे. पण दादाला तोंडावर 'नाही' म्हणणं तिला आजवर जमलेलं नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी बॅग उचलली. माझं काम फोटो काढायचं, विकायचं नाही, असं स्वतःला समजावत गेले.

मी पोचले तेव्हा दादाने आवराआवर सुरू केली होती. पत्त्यांचे कॅट, चष्म्याच्या डब्या, मैत्रिणींच्या ठरलेल्या उशा, सगळं एका खोक्यात कोंबलेलं. आई त्याच्या मागे मागे फिरत होती. मी ट्रायपॉड छातीच्या उंचीवर लावला, पडदे सारखे केले, भिंतींच्या उभ्या रेघा सरळ करून घेतल्या. हॉल सुंदर दिसत होता. मी कॅमेऱ्यातून पाहिलं, तर आई टेबलाशी येऊन बसलेली.

"आई, जरा बाजूला हो ना."

"बसू दे गं क्षणभर. पाय दुखतात."

म्हटलं, बसू दे. तोवर स्वयंपाकघर उरकू. ओटा पुसला, नळावरचं फडकं काढलं, कॅमेरा लावला. आई स्टूल घेऊन ओट्यापाशी बसली.

"आता काय?"

"पाणी प्यायला आले."

"हातात पेला कुठे आहे?"

"पिऊन झालं."

बेडरूममध्ये ती पलंगाच्या कडेला बसली. पदर नीट केला, हात मांडीवर ठेवले आणि थेट कॅमेऱ्याकडे पाहत राहिली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझाच नियम बाईंनी माझ्यावर उलटवला होता. माझ्या लहानसहान कामांच्या वेळी ती पूर्वी हौसेने सोबत यायची, आणि तिला दारामागे उभं करताना मीच दहादा ऐकवलं होतं, की माणूस दिसला तर घर विकलं जात नाही.

"हे तू मुद्दाम करतेस," मी म्हणाले.

"तूच शिकवलंस," ती म्हणाली.

दादा दारात येऊन उभा राहिला. "घोडं कुठे अडलंय?"

"आई उठत नाहीये."

"मग बसू दे की. एवढं काय त्यात? नंतर खोडून टाक. वायरी खोडतेस तशी."

त्याच्या आवाजात जरासुद्धा दुष्टपणा नव्हता. भाजी आणायला सांगावी इतक्या सहज बोलला तो.

"दादा, आई आहे ती."

"मी कुठे नाही म्हणतोय? फोटोतून म्हणतोय."

आईने माझ्याकडे मान वळवली. "येतं का गं तुला?"

"काय?"

"मला खोडायला."

खोटं सांगायला हवं होतं. पण कामाबद्दल मला खोटं बोलता येत नाही. "येतं," मी म्हणाले. "मागची भिंत शेजारून उचलून आणायची, चादरीवरची सुरकुती सरळ करायची. कोणाला कळत नाही."

"खूप वेळ लागतो?"

"नाही. चहा गार व्हायच्या आत होतं."

"बघ, आई," दादा म्हणाला. "तू बस निवांत. तुझी काही अडचण नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याचा राग आला, पण त्याहून जास्त मला माझा आला. चादरीची सुरकुती कशी सरळ करायची हे मी माझ्या आईला तिच्याच पलंगाशी उभी राहून समजावत होते.

"मी खोडणार नाही," मी म्हणाले.

"अगं, रोज करतेस ते काम!"

"रोज वायरी खोडते. तुला एवढी घाई असेल तर तूच उचल तिला, दोन्ही हातांनी, आणि ठेव त्या बोळातल्या खोलीत. मी तिथे उभी राहून त्याचा फोटो काढते. पाठवू एजंटला?"

दादा लाल झाला. आमच्या घरात त्याला असं कोणी बोलत नाही. "नखरे आहेत नुसते! तुझ्यावाचून अडलं नाही कोणाचं." त्याने खिशातून मोबाइल काढला आणि हॉलमध्ये जाऊन स्वतःच फोटो काढायला लागला. आई उठली, चपला ओढत गेली आणि टेबलाशी बसली. तो बाल्कनीत गेला. आई बाल्कनीत. तो न्हाणीघराकडे वळला, तर ही त्याच्या आधी आत शिरून बादली पालथी घालून तिच्यावर बसलेली. मला हसू आवरेना. पाय दुखतात म्हणणारी बाई दादाला घरभर नाचवत होती.

"आई!" दादा ओरडला. "तुला विकायचं नाहीये का घर?"

आई बादलीवरून म्हणाली, "नाही."

"काय?"

"नाही म्हटलं, बाळ. इतके दिवस बघू म्हणत होते, तू समजशील म्हणून."

दादाने मोबाइल खाली घेतला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, ते मला दिसलं. पण त्याने लगेच वहिनीला फोन लावला आणि हॉलमध्ये येरझाऱ्या घालायला लागला. "हो, दोघींनी मिळून ठरवलंय... अगं, तिचं भलंच बघतोय ना मी..." खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत.

आई बाहेर येऊन टेबलाशी बसली. मी खोक्यातून कॅट काढून तिच्यापुढे ठेवला, उशा ज्या त्या खुर्चीत मांडल्या, आणि लेन्सवर काळी काच चढवली. ती लावली की उजेड हळूहळू आत येतो आणि शटर बराच वेळ उघडं ठेवता येतं. तेवढ्या वेळात जो हलतो तो फोटोत उमटत नाही. जो बसून राहतो, तोच उमटतो.

"हलू नकोस," मी आईला म्हणाले.

"मी कशाला हलतेय?" ती ओठ न हलवता म्हणाली.

फोटो उत्तम आला. दोन्ही खिडक्यांचा उजेड, टेबल, तीन रिकाम्या खुर्च्या आणि चौथीत आई, एकेक सुरकुती स्पष्ट. भिंती ताठ. दारापाशी जमिनीजवळ थोडं धुरकट आहे, तेवढाच दादा.

मला सांगितलं होतं की फोटो थेट एजंटला पाठव. मी पाठवला. तो एकच. दादा अजून वहिनीशीच बोलत होता.

एजंटचा लगेच निरोप आला. "मॅडम, फोटो छान आहे. पण यात एक बाई बसल्या आहेत. त्या उठल्यावर परत काढाल का?"

मी आईला वाचून दाखवलं. तिने पत्ते पिसता पिसता मला उत्तर सांगितलं आणि मी ते जसंच्या तसं टाइप केलं.

"बाई मालकीण आहेत. उठणार नाहीत."