उकळलेला मास्क

"हे काय उकळत ठेवलंयस?"

बसच्या मागच्या दाराशी, स्वयंपाक्याच्या शेगडीवर पातेलं खदखदत होतं. नणंद उठून, चूळही न भरता तिथे येऊन उभी राहिली होती.

"मास्क," नर्स म्हणाली. "तुमच्या दादाचा. आठ महिने कपाटात होता, वन्सं. तोंडावर लावायचाय तुम्हाला."

नणंदेने तिच्या हातातला चिमटा ओढून घेतला आणि मास्क बाहेर काढला. त्यातून वाफ निघत होती. रबराला काही झालं नव्हतं, पण प्लास्टिकची काळी चौकट डाव्या बाजूला जराशी बाहेर कलली होती.

"याला त्याचा घाम लागलेला होता."

"घामात जंतू असतात."

बोलून गेल्यावर नर्सला कळलं आपण काय बोलून गेलो ते. पण सव्वीस वर्षं ज्या बाईने हाताला येईल ते आधी उकळलं आणि मग वापरलं, तिच्या तोंडून दुसरं निघणार तरी काय?

पाण्याखाली बघायचा हा मास्क साधा नव्हता. काचांना आपल्या चष्म्याचा नंबर घालून नर्सच्या नवऱ्याने तो मुद्दाम करवून घेतला होता. कचेरीत नकाशे काढण्यात त्याचा जन्म गेला. समुद्र त्याने निळ्या शाईतच पाहिलेला. निवृत्तीनंतर बावीस दिवसांच्या या बसप्रवासात दोन जागा धरून ठेवल्या आणि न्हाणीघरातल्या बादलीत तोंड घालून, नळीतून श्वास घ्यायची तालीम सुरू केली. सतराव्या दिवशी बस समुद्रापाशी पोहोचते, तिथे पाण्याखाली प्रवाळ आहे, एवढं एकच तो आल्यागेल्याला सांगायचा. मग तो गेला. त्याची जागा बहिणीकडे आली. पोस्टात चौतीस वर्षं लोकांच्या पत्त्यांवर डोळे फोडून तिचा नंबरही भावाइतकाच झाला होता. चष्म्याशिवाय तिला स्वतःचा हात ओळखू येत नसे. प्रवाळ बघायचं तर त्याच्याच काचेतून.

सतरा दिवस दोघी शेजारी बसल्या होत्या. नणंद बोलली ती अशी: "सिस्टर, खिडकी लावा." "सिस्टर, जरा पाय घ्या." आधी ती तिला वहिनी म्हणायची. भाऊ ज्या इस्पितळात वारला, त्याच इस्पितळात वरच्या मजल्यावर त्या दुपारी त्याची बायको कामावर होती आणि खाली आली नाही. विचारल्यावर म्हणाली, ड्यूटीवर होते. तेव्हापासून सिस्टर.

त्यांना प्रवाळाकडे नेणारा नावाडी तुटक बोलणारा होता. "एक तास. ओहोटी लागली की प्रवाळ पोटाला घासतं. मग मी कोणाला उतरवत नाही." संध्याकाळी तर बस पुढे निघणार होती. त्याने जाकिटं वाटली, नळ्या वाटल्या. "काचेला आतून थुंकी लावा. वाफ धरत नाही."

"हिला विचारून थुंका," नणंद बोटीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "नाहीतर उकळेल."

लोक हसले. नर्सने आपल्या नव्या मास्कमध्ये थुंकून बोट फिरवलं.

नणंद पहिल्यांदा पाण्यात उतरली आणि लगेच वर आली. डाव्या कानशिलाशी चौकट टेकत नव्हती. काच नाकापर्यंत भरली होती. पट्टा आवळून ती पुन्हा गेली आणि खोकत वर आली. तिसऱ्यांदा तिच्या नाकातोंडात पाणी गेलं आणि ती शिडीला धरून ओकली.

"हा घ्या," नावाडी दुसरा मास्क पुढे करत म्हणाला.

"त्यातून मला तुम्हीसुद्धा दिसत नाही."

"बाई, बाकीच्यांचा वेळ जातोय," बसमधले निवृत्त हेडमास्तर म्हणाले. त्यांना शिडी हवी होती.

"तुम्ही पोरांचा घालवलात त्यापुढे हा काहीच नाही," असं म्हणून नणंदेने शिडी सोडली नाहीच. मग ती वहिनीकडे वळली. तिचे ओठ खारट पाण्याने पांढरे पडले होते. "झालं समाधान? तो एकटा मेला तुझ्यामुळे. त्याचं हे एक उरलं होतं, तेही शिजवून ठेवलंस."

नावाडी दोर गुंडाळल्यासारखं करू लागला.

नर्सच्या कपाळावर तिचा मास्क होता, चांगला, न गळणारा. तिलाही बघायचं होतं. बादलीतून डोकं काढून नवरा तिला सांगायचा, "तू नुसती माझा हात धर, मी दाखवतो सगळं." तिने मास्क काढून बोटीत टाकला आणि पाण्यात उतरली.

"मी धरते. घाला तो."

"तुझे हात नकोत मला."

"अर्धा तास राहिलाय. शिव्या नंतर द्या."

नावाड्याने पुढे हवा भरलेलं कडं धरलं, नणंदेने त्याला दोन्ही हातांनी पकडून तोंड पाण्यात घातलं आणि नर्सने बाजूला तरंगत आपला उजवा तळवा तिच्या कानशिलावर ठेवला, बोटं गालाच्या हाडाखाली रोवली आणि चौकट दाबली. जोर कुठे द्यायचा हे हातालाच माहीत होतं. गळती थांबली.

नळीतून श्वास येऊ लागला, आखूड, अडखळता.

"तोंडाने," नर्स सवयीने तिच्या कानाशी म्हणाली. "सावकाश. घाई नाही कसली."

नणंदेचं कोपर तिच्या बरगडीत बसलं. पण श्वास लांबला.

नावाडी ओढत होता, त्या दोघी मागून जात होत्या. नर्सला दिसत होता तो नणंदेचा भांग, त्यात मेंदी उतरलेले केस, नारिंगी जाकीट आणि डोळ्यांत जाणारं ऊन. पोटाखालून काहीतरी थंड सरकून गेलं. एकदा नणंदेने कड्यावरचा हात सोडून खाली कुठेतरी बोट दाखवलं, कोणाला ते तिचं तिला ठाऊक. नर्सने पाहिलं, वरून नुसती चकाकी होती. मनगट बधिर झालं. हात बदलला असता तर तेवढ्यात पाणी शिरलं असतं.

"तुम्हीही बघा की थोडं," नावाडी म्हणाला. "मी धरतो त्यांना."

"तुमच्याने सुटेल."

ओहोटी लागली तशी त्याने दोघींना शिडीशी आणलं.

नणंद बोटीत बसली, चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला आणि पाण्याकडे बघितलं.

"दादा सांगायचा तसं काही नाहीये," ती म्हणाली.

"मग कसं आहे?"

"तुला कशाला सांगू?"

नर्सने मान हलवली आणि टॉवेल उचलायला गेली. तो तिच्या हातातून पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला.

"एवढा वेळ धरून राहायला कोणी सांगितलं होतं?"

"सोडलं असतं तर पाणी गेलं असतं."

नणंद जाकिटाचा पट्टा सोडू लागली. मग समोर बघतच म्हणाली, "त्या दिवशी काय धरून होतीस?"

आठ महिन्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. का आली नाहीस, हे सगळ्यांनी विचारलं होतं.

"एका मुलीचा जबडा. ऑपरेशन झालेलं, भूल उतरत नव्हती. जबडा सोडला की जीभ मागे पडून श्वास अडायचा. खोलीत मी एकटी. खालून निरोप आला. माझ्या जागी दुसरी यायला अकरा मिनिटं लागली. तोवर खाली सगळं संपलं होतं."

"मुलगी?"

"घरी गेली चौथ्या दिवशी."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही मला घरात घेतलंत कुठे?"

नणंदेने मास्क पिळल्यासारखा दोन्ही हातांत धरला. "तरी मी माफ नाही करायची तुला."

"मी मागितली नाही."

बोट किनाऱ्याला लागली.

संध्याकाळी बसमध्ये दिवे लागले तेव्हा हेडमास्तर चहाचा कप घेऊन त्यांच्या जागेपाशी थबकले. नणंदेच्या डाव्या गालावर चार बोटं उठली होती, लालभडक, एकाखाली एक.

"ताई, कोणी हात उगारला की काय तुमच्यावर?"

नणंदेने गालाला हात लावून पाहिला.

"हो," ती म्हणाली. "तुमचा चहा निवतोय. जा."

ते गेले. तिने डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटून घेतले. तो गाल नर्सच्या बाजूला होता. तिने तो फिरवला नाही. बस घाट चढू लागली. नर्सचा उजवा हात मांडीवर पडला होता, आणि त्याची बोटं अजून सरळ होत नव्हती.