गाडी घासतोय

माझी बायको कुंदा गेल्याचं कळलं तेव्हा मी घाटकोपरला आमच्या बिल्डिंगच्या आवारात गाडी घासत होतो. सत्त्याऐंशीचा डिसेंबर, शनिवारची सकाळ. तिचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं, सोमवारी घरी सोडणार होते. आदल्या दिवशी तीच म्हणाली होती, "त्या चुना फासलेल्या गाडीतून मी नाही येणार. रिक्षा आणा."

गाडी म्हणजे निळी फियाट, तिच्या वडिलांनी दिलेली. बारा वर्षं उन्हात उभी. हात फिरवला की बोटांना पांढुरकी भुकटी लागायची. नवा रंग परवडणारा नव्हता, म्हणून जुना रंग घासून उजळायच्या रबिंगचा डबा आणला. जुनं बनियन ओलं करायचं, थोडं रबिंग घ्यायचं आणि एका वेळी वीतभरच जागा घासायची. कडांवर जोर दिला की खालचा प्रायमर दिसतो. फडक्यावर निळा उतरला की खराब थर निघाला समजायचं. मग पॉलिश.

उजवी बाजू झाली आणि तळमजल्यावरच्या चंपाबाईंनी खिडकीतून हाक मारली. फोन त्यांच्याकडेच होता. पलीकडे श्यामकांत, कुंदाचा धाकटा भाऊ.

"ताई गेली. कुठे आहात तुम्ही?"

"गाडी घासतोय," मी म्हणालो.

तोंडातून तेच आलं. तेराव्यापर्यंत त्याने ते सगळ्या नातेवाइकांना ऐकवलं.

चौदाव्या दिवशी तो आवारात आला. मी डावी बाजू पुरी करत होतो.

"अजून घासताय? वा भावोजी! तेवढंच येतं तुम्हाला."

"काम बोल."

"चावी द्या. गाडी बाबांची आहे."

"पुरी झाली की ने."

तो गाडीभोवती फिरला. "न्हाव्याकडून अर्धी दाढी करून उठल्यासारखी दिसतेय. बॉनेट का सोडलंत?"

मी दार घासत राहिलो. त्याने वाकून पाहिलं. बॉनेटवर दसऱ्याला कुंदाने ओल्या कुंकवाने काढलेलं स्वस्तिक होतं. कुंकू कधीच धुतलं गेलं, पण त्या भुसभुशीत रंगात लाल डाग मुरला होता. कुंकू रंग खातं म्हणून मी तेव्हा तिच्यावर ओरडलो होतो.

"ताईचं ना हे?" श्यामकांत म्हणाला. "ती मरत होती तेव्हा घासत होतात ना? मग आता हेही घासा!"

त्याने माझ्या हातातलं फडकं हिसकावलं आणि बॉनेटवर दाबून ओढलं. मी त्याचं मनगट पिरगाळलं. तो शिव्या देत मागे झाला. स्वस्तिकाचा एक हात गेला होता. फडक्यावर निळ्यात थोडा लाल होता. त्याने तो पाहिला आणि फडकं माझ्या अंगावर फेकलं.

"रविवारी येतो. पुरी करून ठेवा. आणि तोंड दाखवू नका, चावी चंपाबाईंकडे द्या."

"तूही दाखवू नकोस."

तीन रविवार झाले, तो आलेला नाही. चावी चंपाबाईंकडे आहे. डब्यात रबिंग शिल्लक आहे. बॉनेट घासायचं राहिलं आहे.